भाऊकाका नाव काढतात

आमच्या घरी येणाऱ्या नव्या माणसाला उंबरठ्यावरच एक सूचना दिली जाते. भाऊकाका समोर असतील तर डिझेल, मॅगी, हापूस, जुलै, जॉर्जेट आणि बोगनवेल हे शब्द शक्यतो टाळा. नवखा माणूस हसतो. त्याला ती थट्टा वाटते. मग आत येऊन, पंख्याखाली बसून, रुमालाने मान पुसत तो सहज म्हणतो, "डिझेल काय महाग झालंय हो!" आणि खिडकीशी पेपर वाचत बसलेल्या काकांचा चष्मा नाकावरून कपाळावर चढतो.

"डिझेल?" काका म्हणतात. "अहो, तो माणूस आहे!"

पाहुणा आजूबाजूला बघतो. खोलीत तिसरं कुणी नसतं.

"रुडॉल्फ डिझेल," काका खुर्ची पुढे ओढतात. "जन्म १८५८, पॅरिस. आईबाप जर्मन. १८९७ साली याचं इंजिन नीट चाललं. आणि २९ सप्टेंबर १९१३ ला हा गृहस्थ अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसला, रात्री जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा म्हणून सांगून खोलीत गेला. सकाळी दार उघडून बघतात तर..." इथे काका थांबतात आणि चष्मा पुसायला घेतात. चष्मा स्वच्छच असतो. त्यांना फक्त एका शब्दाची वाट बघायची असते.

"तर?" पाहुणा विचारतो.

संपलं. ज्याने 'तर?' विचारलं, त्याची पुढची लोकल गेली.

आमच्या आजोबांची एकच इच्छा होती: थोरल्याने घराण्याचं नाव काढावं. थोरल्याने ती जरा जास्तच शब्दशः घेतली. भाऊकाका गेली कित्येक वर्षं ताटातून, कपाटातून, कुंडीतून, कॅलेंडरमधून नावं काढत बसलेत. बोलण्यात रोज येणाऱ्या शब्दाच्या पोटात एखादा खराखुरा, जन्मलेला, मेलेला माणूस सापडला की त्यांना दिवाळी झाल्याचा आनंद होतो. याला छंद म्हणण्यात अर्थ नाही. छंद फावल्या वेळात करतात. काकांना फावला वेळ मिळत नाही, कारण लोक दिवसभर बोलत असतात.

एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात काकांची सगळी नोकरी गेली. गावात कोण आलं आणि गावातून कोण गेलं, दोन्ही त्यांच्या हाताखालून. अजूनही रस्त्यात एखादा चाळिशीचा बाप्या दिसला की काका त्याला थांबवून सांगतात, "तू आधी महेश होतास बरं का. दाखला घ्यायच्या दिवशी तुझी आत्या आली आणि तिने मंगेश केला." तो बिचारा बायकोसमोर कसंनुसं हसतो. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले शाल-श्रीफळ घरी टेकवून काका त्याच संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि जाड पुठ्ठ्याचं फुलस्केप रजिस्टर घेऊन आले. त्यात त्यांनी पट्टी लावून रकाने आखले: अनुक्रमांक, शब्द, मूळ नाव, जन्म, मृत्यू, मृत्यूचं कारण आणि शेवटी शेरा. शेरे मुळात चारच आहेत: 'पात्र', 'अपात्र', 'अन्याय' आणि 'पुरावा नाही'. सही मात्र प्रत्येक नोंदीखाली पूर्ण.

मृत्यूच्या कारणाचा रकाना हा काकांचा खास मुलूख. फ्रान्समधल्या शिरच्छेदाच्या यंत्राला ज्याचं नाव लागलं तो डॉक्टर गियोतँ, ज्याला आपण गिलोटिन म्हणतो, त्याच यंत्राखाली मेला असं कुणी सांगितलं की काका रजिस्टरच आणतात. "हे बघा. जोसेफ इग्नास गियोतँ. मृत्यू १८१४. कारण: काळपुळी. मान जागेवर." मग आवाज खाली आणून म्हणतात, "आणि गंमत बघा, यंत्र यानं बनवलंच नाही. हा तर फाशीच्या शिक्षेच्याच विरोधात होता. द्यायचीच असेल शिक्षा तर निदान गरिबाला आणि सरदाराला सारखी द्या, हाल करू नका, एवढंच म्हणाला बिचारा, १७८९ साली. यंत्राची आखणी केली दुसऱ्या डॉक्टरनं, अँत्वान लुई त्याचं नाव. लोकांनी सुरुवातीला 'लुइझेत' म्हणूनही पाहिलं. पण चिकटलं कुणाला? यालाच!" शेरा: अन्याय. लाल शाईने, दोनदा अधोरेखित.

काकू या सगळ्याकडे ज्या नजरेने बघतात ती कुठल्याच रजिस्टरात मावणार नाही. काकांच्या प्रत्येक 'तो माणूस आहे'ला त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: "आणि हा घरातला माणूस? तो कधी जेवणार?" नातवंडांसाठी त्या मॅगी करायला लागल्या की काका स्वयंपाकघराच्या दारात हजर. "युलियस मॅगी. स्वित्झर्लंडचा गिरणीवाला. कारखान्यात राबणाऱ्या बायकांना घरी स्वयंपाकाला वेळ उरत नाही म्हणून त्यानं वाटाण्या-डाळीच्या पिठांची झटपट सुपं काढली. नूडल्स आपल्याकडे आल्या १९८३ मध्ये, तोवर हा जाऊन सत्तर वर्षं झाली होती." काकू ओट्याकडे तोंड ठेवूनच म्हणतात, "आमच्याकडे दोन मिनिटांची मॅगी पंधरा मिनिटांत होते. दोन मिनिटं मॅगी आणि तेरा मिनिटं मॅगीसाहेब."

साडीच्या दुकानात तर त्यांना नेणं काकूंनी कधीच सोडलं. शेवटच्या वेळी दुकानदाराने गादीवर जॉर्जेटचे ढीग टाकले आणि काकांनी त्याला विचारलं, "ही जॉर्जेट कोण, माहीत आहे?" दुकानदार म्हणाला, "सुरतचा माल आहे काका, गॅरंटीचा." काकांनी त्याला सांगितलं की जॉर्जेट ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फ्रेंच शिवणकाम करणारी बाई, तिच्या नावावरून हे कापड. दुकानातल्या सगळ्या बायका ऐकायला लागल्या. काका खुलले. काकू तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, "एका शिंपिणीच्या नावानं जगभर साड्या निघाल्या. तुमच्या नावानं एखादं ब्लाऊजपीस तरी?" सगळं दुकान हसलं. काकाही हसले, पण घरी येऊन त्यांनी जॉर्जेटपुढे 'पात्र' लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात 'सौ.चं म्हणणं विचारार्ह' असंही लिहून ठेवलं.

बोगनवेलीवरून मात्र काकूंनी त्यांना एकदा पार गप्प केलं. आमच्या फाटकावरच्या वेलीखाली उभं राहून काका शेजारच्यांना समजावत होते की यातला 'वेल' हा आपला वेल नव्हे. बुगँव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही वनस्पती ब्राझीलमध्ये मिळाली, आणि कॉमर्सनच्या हाताखाली राबणारा, रानोमाळ हिंडून झाडंझुडपं गोळा करणारा, ओझी वाहणारा जो पोऱ्या होता, तो मुळात पोऱ्या नव्हताच. ती होती जान बारे नावाची बाई, पुरुषाचे कपडे घालून बोटीवर चढलेली! पृथ्वीला वळसा घालणारी पहिली बाई म्हणून आज तिचं नाव घेतात. काकांनी इथे नेहमीप्रमाणे थांबून चष्मा पुसायला काढला. काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "राबली ती, आणि वेलीला नाव लागलं कप्तानाचं. यात नवीन काय सांगितलंत?" काकांनी चष्मा न पुसताच घातला.

आता कुणाला वाटेल की काका कुठलीही गोष्ट ऐकतात आणि पुढे ढकलतात. तसं असतं तर आमचं दुखणं सोपं झालं असतं. काका नोंदणी विभागातले आहेत. दाखल्याशिवाय ते सूर्य उगवला हेही मान्य करणार नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'तुम्हाला माहीत आहे का?' म्हणून जी व्युत्पत्ती येते, तिला काकांचं उत्तर ठरलेलं: "जन्मतारीख? ठिकाण? कुणी पाहिलं?" कुणीतरी लिहिलं की निरोप घेताना आपण जे 'टाटा' म्हणतो ते उद्योगपती टाटांवरून आलं. काकांनी चार संदेशांत त्याचा निकाल लावला: इंग्लंडातली लहान पोरं निरोप घेताना जे 'टा-टा' म्हणत, तेच हे, याचा जमशेटजींशी काडीचाही संबंध नाही. कुणी सीझर सॅलड हे रोमच्या सीझरचं म्हटलं, तर काकांनी कळवलं की हा सीझर कार्डिनी, मेक्सिकोतल्या तिहुआनाचा हॉटेलवाला, साल १९२४. "उद्या कुणी सीताराम भजीवाल्याची भजी अयोध्येहून आली म्हणेल," असंही जोडलं. ग्रुपवरच्या तिघांनी त्या दिवशी काकांना म्यूट केलं. आता ते तिघे रोजच्या पाण्याच्या वेळा मला विचारतात.

खरा प्रसंग ओढवला तो प्रसूतिगृहात. चुलतबहिणीला आत नेलेलं, आम्ही सगळे बाहेर बाकावर, आत्याचा जप चाललेला. परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण दोघी छान आहेत." आत्याने हात जोडले. काका उठून उभे राहिले. "सिझर म्हणता ना तुम्ही? पण सीझरचं सिझर झालंच नव्हतं!"

परिचारिकेने आमच्याकडे बघितलं. आम्ही छताकडे.

"त्या काळी हे फक्त मरणाऱ्या किंवा मेलेल्या बाईवर करायचे," काका समजावू लागले. "आणि सीझरची आई ऑरेलिया तो चाळिशी ओलांडेपर्यंत धडधाकट होती. सीझरचा जन्म इसवीसन पूर्व १००, आई गेली इसवीसन पूर्व ५४ मध्ये. हिशेब करा." परिचारिकेने हिशेब केला नाही, तिने बिल कुठे भरायचं ते सांगितलं. काका पाच मिनिटं खट्टू होऊन बसले. मग एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, पण महिना जुलै आहे की! जुलै मात्र शंभर टक्के त्याचाच. आधी या महिन्याला क्विंटिलिस म्हणायचे, इसवीसन पूर्व ४४ पासून ज्युलियसचा झाला. चला, पोरीच्या नशिबात सीझर होताच!" त्या मुलीचं बारसं रीतसर झालं, नाव वेगळंच ठेवलं, पण काका तिला अजून 'ज्युली' म्हणतात.

सोसायटीच्या वार्षिक सभेतही एकदा काकांनी असाच इतिहास घडवला. चिटणीस हिशेब दाखवत नाहीत, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या जोशात आलेल्या तरुणाने उभं राहून सांगितलं, "ही हिटलरशाही चालणार नाही! आपण सभेवर बॉयकॉट टाकू!" लोक चपला शोधायला लागले. काका म्हणाले, "बॉयकॉट म्हणजे माणूस आहे, माहीत आहे ना?" खजिनदार क्रिकेटचे जुने दर्दी. ते म्हणाले, "हो हो, जेफ्री! काय संथ खेळायचा!" आणि काका जे सुरू झाले ते आयर्लंडला पोचूनच थांबले. साल १८८०. मेयो परगणा. लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. दुष्काळी दिवस. कुळांनी खंडात सूट मागितली, यानं घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. मग गावाने काय करावं? एक काठी उगारली नाही. मजूर कामावर गेले नाहीत, दुकानदारानं सामान दिलं नाही, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे धुवेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास माणसं पीक काढायला आणली, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. "सुमारे पाचशे पौंडांच्या बटाटे-सलगमासाठी दहा हजारांच्या घरात खर्च!" काका टेबलावर हात आपटून म्हणाले. "महिना संपता संपता बॉयकॉट गाव सोडून गेला. आणि नाव असं मागे राहिलं, की ज्यानं बहिष्कार सोसला त्याचंच बहिष्काराला लागलं!"

चपला शोधणारे केव्हाच परत बसले होते. चिटणिसांनी चहा मागवला. चहा होता होता हिशेब पुढच्या सभेवर गेला. तो तरुण आजही काकांना ओळख देत नाही. त्याच्या मते काका चिटणिसांना फितूर आहेत. काकांना मात्र ती सभा फारच यशस्वी वाटली.

परदेशी नावं दूरची, म्हणून काका तिथे जरा उदार. घरच्या नावांच्या बाबतीत ते काटेकोर. आमच्या कल्याणहून अंबरनाथ किती लांब? तिथल्या शिवमंदिरात ते पाहुण्यांना आवर्जून नेतात आणि कुणी "वा, अस्सल हेमाडपंती!" म्हणण्याची वाट बघत थांबतात. कुणी ना कुणी म्हणतंच. मग काका शांतपणे विचारतात, "हेमाडपंत कधीचे?" देवगिरीच्या यादवांचे मंत्री, महादेवराय आणि रामचंद्रराय यांच्या कारकिर्दीतले, म्हणजे तेरावं शतक, 'चतुर्वर्गचिंतामणि' लिहिणारे मोठे पंडित. "आणि हे देऊळ? शके ९८२. इसवीसन १०६०. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेख इथंच आहे. म्हणजे पंत जन्माच्या आधी दोनशे वर्षं कामावर हजर! आमच्या खात्यात असं कुणी केलं असतं तर चौकशी लागली असती." चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून केलेलं काळं जुनं देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. दगड कुणी घडवला, पैसा कुणी दिला, ते त्या एका नावाखाली गडप होतं. हेमाडपंतांपुढे काकांनी बराच विचार करून शेरा लिहिलाय: 'पात्र, परंतु फार थोड्या देवळांपुरते.'

हापूसचीही तीच तऱ्हा. वैशाखात पेटी आली की आम्ही आधी दार लावून घेतो. तरी काकांना वास लागतोच. आंबेवाल्याला ते दरवर्षी सांगतात की हापूस हा अफोन्सो, आणि हा अफोन्सो म्हणजे १५१० साली गोवा जिंकणारा अल्बुकर्क असं मानतात. आंबेवाला देवगडचा. तो दरवर्षी तितक्याच निष्ठेने सांगतो, "काका, आमचा हापूस आमच्या आजोबांच्या कलमाचा. पोर्तुगीज आमच्याकडे उधारीवरसुद्धा आला नाय." काका खूश होतात, कारण त्यांची तक्रारही तीच आहे. कलमं बांधायची विद्या गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी रुजवली, झाडं वाढवली इथल्या शेतकऱ्यांनी, आणि नाव लागलं तलवारवाल्याचं. अल्बुकर्क तर १५१५ मध्येच गेला, गोव्याच्या बंदरात, बोटीवर. "त्यानं हापूस खाल्ला असेल याचा दाखला कुठंय?" शेरा: पुरावा नाही. मग रजिस्टर मिटून काका चार हापूस खातात.

काका सगळ्यात खुलतात ते कविसंमेलनात. तिथे कुणीतरी ओळ संपल्याबरोबर "अफलातून!" म्हणून दाद देतो आणि काका मला कोपराने ढोसतात. कारण अफलातून म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबीत 'प' नाही, तिथे प्लेटोचा अफलातून झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. "आणि या प्लेटोनं काय लिहिलंय?" काका माझ्या कानात, म्हणजे चार रांगांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "आदर्श नगरात कवींना जागा नाही! बाहेर काढा! आणि इथं कवीला त्याच्याच नावानं वाहवा चाललीय!" पुढच्या रांगेतले कवी मागे वळून बघतात. काका त्यांना नमस्कार करतात.

तुघलकाची गोष्ट ते जरा हळू आवाजात सांगतात, कारण नोकरीत असताना वरून आलेले अनेक हुकूम त्यांनी निमूट फायलीला लावलेत. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला हलवली, पुढे परत नेली. तांब्याची नाणी चांदीच्या मोलाने चालवायला काढली, तर लोकांनी घरोघरी टाकसाळी उघडल्या. शेवटी त्याने ती खोटी नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजली. "अरे, नुकसान तरी भरून दिलं!" काका म्हणतात. "तुघलकी कारभार म्हणून नाव काढता त्याचं, पण चुकलेला हुकूम मागे घेणारा अधिकारी मी पुढे एकही पाहिला नाही." तुघलकापुढे त्यांनी आधी 'पात्र' लिहिलं होतं. ते खोडून 'अंशतः अन्याय' केलंय.

एकदा मीच वैतागून विचारलं, "काका, या मेलेल्या लोकांच्या नावांत तुम्हाला एवढं काय सापडतं?" त्यांनी उत्तर दिलं ते कारकुनी थाटाचं होतं, पण माझ्या लक्षात राहिलंय. "हे बघ. बहुतेक माणसांचं नाव सरकारदरबारी दोनदाच नीट लिहिलं जातं. एकदा जन्माच्या रजिस्टरात, एकदा मृत्यूच्या. दोन्ही मी लिहिली. मधलं सगळं कुणी लिहीत नाही. पण काही नावं रजिस्टरातून निसटतात आणि बाजारात फिरत राहतात. लोक ती शिजवतात, नेसतात, गाडीत भरतात, शिवी म्हणून वापरतात, आणि कुणाचं नाव आहे हे कुणाला ठाऊक नसतं. मी त्या निसटलेल्यांच्या मागावर आहे. बस्स."

हे केवळ बोलणं नाही, हे मी पाहिलंय. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच राहिला होता. शाळेत अडलं. नाव नंतर घालता येतं, त्याला पंधरा वर्षांची मुदत असते, हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. काका त्यांना घेऊन उन्हातून कचेरीत गेले, अर्ज स्वतः लिहिला, खिडकीपाशी उभे राहिले, आणि दाखला हातात आल्यावर तो त्या पोरीला मोठ्याने वाचून दाखवला. तिथे त्यांनी एकही व्युत्पत्ती सांगितली नाही.

पोरांचं आणि काकांचं मात्र सूत जुळलेलं आहे, कारण पोरांना 'तर?' म्हणायला लाज वाटत नाही. माझ्या मुलाचा स्पीकर फोनला जोडला जाईना, तेव्हा काकांनी त्याला हेराल्ड ब्लूटूथची हकिगत सांगितली. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा, विखुरलेल्या टोळ्या एका राज्यात आणणारा. १९९७ साली जिम कार्डाक नावाच्या इंजिनिअरने निरनिराळी यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव सुचवलं. आणि फोनवरचं ते निळं चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकावर एक. पोरगा म्हणाला, "भाऊआजोबा, म्हणजे हा राजा अजून जोडतोच आहे?" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पीकर काही जोडला गेला नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पुतणीला ते अल-ख्वारिझ्मी सांगतात: बगदादचा, नवव्या शतकातला गणिती, ज्याने भारतीय आकड्यांवर पुस्तक लिहिलं आणि ज्याच्या नावाचं लॅटिन रूप घासून घासून अल्गोरिदम झालं. आणि सगळ्यांत शेवटी, पोरं शहाण्यासारखी बसली असतील तर, काका कपाटातून डबी काढून तांब्याची शिवराई त्यांच्या तळहातावर ठेवतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. "ज्याचं नाव त्याचंच राज्य, त्याचंच नाणं. महाराज गेल्यावरही लोक कितीतरी वर्षं शिवराईच म्हणत राहिले. पुरावा तुझ्या हातात आहे. वजन बघ."

घरात आता एक नवा शब्द रूढ झालाय. कुणी साध्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर द्यायला लागलं की बाकीचे म्हणतात, "भाऊकाकी नको." गेल्या गणपतीत तर जावयाने नारळाचा भाव सांगताना थेट कोकणच्या इतिहासाला हात घातला, तेव्हा आत्या म्हणाली, "झालं, भाऊकाकी सुरू." आम्ही काकांकडे चोरून बघितलं. रागावतील, खट्टू होतील, असं वाटलं. काकांनी रजिस्टर मागवलं. प्रथम वापर कुणी केला, कुठल्या साली, साक्षीदार कोण, अशी रीतसर चौकशी झाली. एकेक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. लिखित दाखला कुणाकडेच निघाला नाही. काकांनी शांतपणे शेऱ्याच्या रकान्यात 'पुरावा नाही' लिहिलं, खाली पूर्ण सही केली, आणि मृत्यूच्या दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारून काकूंना म्हणाले, "एवढं सोडून बाकी सगळं भरलंय."

"जेवायला चला," काकू म्हणाल्या.

वाचकहो, असा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल. काका असेल, सासरे असतील, शाळेतले निवृत्त गुरुजी असतील. ग्रुपवर त्याला म्यूट करू नका. त्याला कधीतरी समोर बसून 'तर?' विचारा. वेळ जाईल, लोकल जाईल, पण हकिगत खरी मिळेल, तारखेसकट. फक्त विचारण्याआधी गॅस बंद केलाय का, तेवढं बघा.